दूर्वांचं कुंपण

डाव्या कुशीत आधी नुसती आग झाली. मग पाण्याचे बारीक फोड आले, एकाला एक चिकटून. बायकोनं सदरा वर करून बघितलं आणि लगेच खाली ओढला. तेव्हाच मी ओळखलं, नागीण आहे.

आमच्या कोकणात सगळ्यांना ठाऊक असतं, नागीण अंगाभोवती फिरते आणि तिचं तोंड शेपटीला लागलं की माणूस संपला. लहानपणी शेजारचा एक म्हातारा असा गेला. त्याला शेवटची अंघोळ घालत होते तेव्हा मी मोठ्यांच्या पायांमधून वाकून त्याची पाठ बघितली होती. काय दिसलं ते आता नीट सांगता येत नाही. पण मुलुंडला बाराव्या मजल्यावर राहायला आलो, तरी ती भीती लिफ्टमधून माझ्याबरोबर वर आलीच.

सून म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे जाऊया ना. गोळ्या असतात याच्यावर."

"दूर्वा आहेत," मी म्हटलं.

चौथीत माझी शाळा सुटली, पण दूर्वा मला कुणी शिकवायला नकोत. घोळणा फुटला की आई त्यांचा रस नाकात सोडायची. घामोळं आलं की त्यांचाच लेप. नागिणीवर दूर्वा आणि भिजवलेले तांदूळ एकत्र वाटून लावायचे. बाजारातल्या जुडीवर माझा भरवसा नाही. मी स्वतः डोंगराच्या बाजूला जाऊन उपटून आणल्या. चालताना सदरा फोडांना लागायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरी बोललो नाही. मिक्सरला हात लावू दिला नाही, बायकोनं पाट्यावर वाटलं.

पुढचे फोड मला दिसत होते. पाठ दिसत नव्हती, आणि तिथं काय आहे ते विचारायचा धीर होईना. मी लेपाच्या गारव्यावरून अंदाज घ्यायचो. पहिल्या दिवशी बायकोची बोटं कुशीतच थांबली. दुसऱ्या दिवशी थोडी मागे गेली. तिसऱ्या सकाळी गारवा पाठीच्या कण्याला लागला आणि मला दरदरून घाम फुटला. कणा ओलांडला की पलीकडे नागिणीला मोकळं रान.

"पुरी फिरायला किती राहिलं?"

"हलू नका."

"मी काय विचारतोय?"

"गप रवा ओ. बोललात की पाठ हलते, लेप पडतो."

तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी सुनेला हाक मारली. "चल तुझ्या त्या डॉक्टरकडे. एकदाचं तुझं समाधान होऊ दे."

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिनं ओल्या कापसानं वाळलेला लेप पुसला, निरखून बघितलं. "आजोबा, फोड कुशीतच आहेत. पाठ तर कोरी आहे. मग मागे एवढं कशाला लावलंत?"

मी बरोबर आलेल्या बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "नागीण पुढे सरकू नये म्हणून. कुंपण घातलं."

सून हसली. मला हसू आलं नाही. चांगल्या कातडीपायी मी तीन दिवस मरत होतो.

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? माझाच जीव थाऱ्यावर नव्हता."

डॉक्टरणीनं समजावलं, ही एका शिरेच्या वाटेनं जाते, एकाच बाजूला राहते, गोल फिरत नाही. वेळेत आलात, बरं केलंत. गोळ्या चुकवू नका, आणि फोडांवर पाला वगैरे काही लावू नका, घाण आत जाते. मी मान हलवली. गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. पण ती पुस्तकातून शिकलेली, आणि मी त्या म्हाताऱ्याची पाठ बघितलेली.

खरं भय तर घरी आल्यावर वाटलं. लेप नाही, मागची बाजू सगळी उघडी. उजव्या कुशीवर पडून राहिलो.

"बघ जरा."

"काही नाही."

थोड्या वेळानं परत, "बघ."

"आत्ताच बघितलं ना? काही नाही तिथं."

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती स्टूल ओढून माझ्या मागे बसली आणि पाठीच्या कण्यावर तळहात सपाट ठेवला. सून चहा घेऊन आली, तेव्हाही तिनं तो काढला नाही. कप डाव्या हातात घेतला.