बत्तीसनंतर एकशे सत्याहत्तर

सरांपुढे कुणी 'आणि मग' म्हटलं की ते हात वर करून त्याला थांबवत. "आधी बस आली आणि मग मी चढलो, असं सांगू नका. आयुष्य असं रांगेत उभं नसतं." त्यामुळे उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला उशिराचं कारण कधी पुरं सांगताच येत नसे. तो बिचारा बसपासून सुरुवात करायचा, सर त्याला मधेच तोडायचे आणि तेवढ्यात तास संपायचा. आमच्या एम.ए.च्या वर्गाने त्यांचं नाव 'आणिमग सर' ठेवलं होतं. एकदा कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं. सरांनी ते पुसलं नाही, खाली फक्त रेघ ओढली, "अक्षर सुधारा" म्हणाले आणि शिकवायला लागले.

सर उत्तर-आधुनिक कादंबरीचे समीक्षक होते. हे काय असतं, असं माझ्या आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ज्या कादंबरीत गोष्ट सरळ सांगितलेली नसते, तिच्यावर सर लिहितात." आई म्हणाली, "म्हणजे ती सरळ करून सांगतात?" "नाही, ती सरळ का नाही ते सांगतात." आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "आणि याचा पगार मिळतो?"

घरात मात्र सरांइतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही. शनिवार पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पुस्तकं आडनावांप्रमाणे लावलेली, रद्दी तारखेप्रमाणे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, फार थोडं बोलत, पण बोलल्या की लक्षात राही. "काळ तुटलेला आहे म्हणतात ना तुमचे सर? रक्तदाबाची गोळी आठला पाच मिनिटं असताना दिली तर घेत नाहीत."

या सरांच्या कीर्तीला मी कारणीभूत आहे, आणि ही फुशारकी नाही. शिक्षण संपल्यावर मी पेठेतल्याच एका लहानशा प्रकाशनात नोकरीला लागले. प्रुफं तपासायची, पार्सलं बांधायची आणि मालकांचा राग ऐकायचा, असं कामाचं स्वरूप होतं. तिथे हडपसरच्या दत्तोबांची कादंबरी आली. दत्तोबा कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांची जमीन गेली, तिच्यावर कंपन्यांच्या इमारती उठल्या आणि त्याच वर्षी त्यांची आई गेली. हे सगळं त्यांनी जसं घडलं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढलं होतं. कादंबरीतल्या आईचं नाव सोनाबाई. खऱ्या आईचंही तेच. "दुसरं नाव लिवलं तर वळखायचं कसं?" असं त्यांनी मला विचारलं होतं.

पुस्तक छापताना सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात आणि ते एकावर एक जुळवून शिवतात. आमच्या बायंडरने तिसऱ्या फर्म्याचा गठ्ठा शेवटच्या जागी ठेवला आणि शेवटचा तिसऱ्याच्या. पाच-पन्नास प्रती शिवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. मी मालकांना विचारलं, या प्रतींचं काय करू? मालक म्हणाले, "अभिप्रायासाठी पाठवा. ती पुस्तकं वाचतंय कोण? चांगल्या आपण विकू." मी मुकाट्याने पार्सलं बांधली. त्यातलं एक सरांना गेलं.

आणि सरांनी ते वाचलं. पुण्यात अभिप्रायाची प्रत वाचणारा तो एकच माणूस निघावा, हे मालकांचं दुर्दैव. चार महिन्यांनी एका त्रैमासिकात सरांचा तीस पानी लेख आला. पान बत्तीसनंतर थेट एकशे सत्याहत्तर येतं, म्हणजे पृष्ठक्रमांकांनीही काळाची सत्ता झुगारली आहे, असं त्यात होतं. 'समाप्त' हा शब्द कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशातच येतो आणि कादंबरी त्याला न जुमानता पुढे चालू राहते. सोनाबाई मरतात आणि सहाच पानांनी खुरपणीला जातात. शेवटचं वाक्य तर पुरंच होत नाही. "सोनाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि" इथे पुस्तक थांबतं. 'मराठी कादंबरीने इतकं धाडस कधी केलं नव्हतं,' असं सरांनी लिहिलं होतं. 

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मालक म्हणाले, खप वाढतोय, गप्प बसा. मी गप्प बसले, ते वीस-बावीस वर्षं. लेखाचा ग्रंथ झाला, ग्रंथाने सरांना विभागप्रमुख केलं, चर्चासत्रं झाली. दत्तोबांना पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ द्यायचे आणि मग त्यांच्या पुस्तकावर त्यांना न कळणारं बोलायचे. बाजारात तर सरळ प्रती होत्या, मग कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? उत्तर सोपं आहे. ज्यांनी सरांचा ग्रंथ वाचला त्यांनी कादंबरी वाचली नाही, आणि ज्यांनी कादंबरी वाचली ते ग्रंथाच्या वाटेला गेले नाहीत.

मालक वारले आणि प्रकाशन माझ्याकडे आलं. तोवर सर निवृत्त झाले होते. त्यांच्या ग्रंथाच्या जोरावर कादंबरी अभ्यासक्रमाला लागली आणि नवी आवृत्ती काढायची वेळ आली. आता पानं कोणत्या क्रमाने छापायची? शेवटी एका दुपारी सरळ प्रत पिशवीत घालून मी सरांकडे गेले आणि फर्म्यांपासून पार्सलापर्यंत सगळं सांगून टाकलं. सरांनी एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर विचारलं, "बायंडर हयात आहेत का?"

"नाही सर."

"वाईट झालं. मी आयुष्यभर ज्याच्यावर लिहिलं तो हा माणूस. एकदा भेटायला हवं होतं."

दोन दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला, येऊन जा म्हणून. दार काकूंनी उघडलं. "कालपासून धड जेवले नाहीत. कोण गेलं विचारलं तर म्हणतात, सोनाबाई. आमच्या नात्यात कुणी सोनाबाई नाही."

सर गॅलरीत बसले होते, पुस्तक मांडीवर. "अहो कुलकर्णी, त्या गेल्या हो."

"सर, तुमच्या प्रतीतही गेल्याच होत्या."

"गेल्या होत्या, पण परत आल्या होत्या. मला त्यात गंमत वाटली होती. चर्चासत्रांत मी त्यावर लोकांना हसवलं आहे. इथे त्या जातात, पुढे सहा पानं नुसती जमिनीची मोजणी चालते आणि पुस्तक संपतं." चष्मा काढून ते धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. "दत्तोबांना भेटायला हवं. आपण येता का बरोबर?"

बसने आम्ही हडपसरला गेलो. दत्तोबा आता सातव्या मजल्यावर राहत. त्यांनी आधी आम्हाला गॅलरीतून शेत दाखवलं, म्हणजे काचेची एक इमारत दाखवली. "तितं लिफ्ट हाय ना, तितं आमची हीर व्हती." सरांनी विहिरीकडे नीट पाहिलं. नंतर खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, "दत्तोबा, मी आपल्या आईंवर दोनशे पानं लिहिली आणि त्या गेल्या हे मला काल कळलं. माझं चुकलं."

दत्तोबांना आश्चर्य वाटलं नाही. "मला पयल्यापासनं ठावं हाय, सर. तुमचा लेख वाचला तवाच माझ्या पुस्तकाशी ताडून बगितला."

"मग आपण सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? आमच्या भावकीत तिचं नाव कुनी घेत नव्हतं. तुमी मोठ्या हॉलात, माईकवरनं घ्यायचा."

  दत्तोबा पाणी आणायला आत गेले, सरही त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मी बाहेर चिवड्याची बशी घेऊन बसले. दोघं पंधरा-वीस मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर आले.

त्यानंतर जे भांडण झालं तसं मी दुसरं ऐकलेलं नाही. सर म्हणत होते, नवी आवृत्ती सरळच निघाली पाहिजे. दत्तोबा म्हणत होते, उलटीच काढा. "तुमच्या पुस्तकात शेवटच्या पानावर आई भाकरी उलटतीया. तितंच ऱ्हाऊ द्या तिला."

"पण आपण तसं लिहिलेलं नाही. लेखकाने लिहिलं तेच प्रमाण."

लेखकाच्या म्हणण्याला काडीची किंमत नाही, हे मी याच माणसाकडून दोन वर्षं शिकले होते. मी चिवडा खात राहिले. अखेर पुस्तक दत्तोबांचं म्हणून त्यांचं ऐकायचं ठरलं आणि प्रस्तावनेत सरांनी खरं काय ते लिहायचं ठरलं.

प्रस्तावना तीन पानांची होती. फर्मे, गठ्ठा, बायंडर, मी, पार्सल, सगळं ओळीने. त्यात 'आणि मग' नऊ वेळा आलं होतं. प्रूफ मी तपासलं म्हणून मोजलं. शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या ग्रंथाचा पाया चुकीचा आहे. तो यापुढे कुणी आधाराला घेऊ नये.'

विद्वानांनी ती प्रस्तावना डोक्यावर घेतली. समीक्षकाने स्वतःलाच अविश्वसनीय निवेदक केलं आहे, असं एकाने लिहिलं. 'काल्पनिक बायंडर' या विषयावर एक दिवसाचं चर्चासत्र झालं आणि एका निबंधात मीही होते, 'प्रकाशनातली बाई' हे प्रतीक म्हणून. सर सभागृहात उठून म्हणाले, "अहो, बायंडर खरा होता. इथून दोन गल्ल्या सोडून राहायचा." टाळ्या पडल्या. सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठून एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण प्रकाशनाची अब्रू आठवली आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "चूक केली तेव्हा प्रतिभा म्हणाले. कबूल केली तर शैली म्हणतात. कुणीतरी तिला चूक म्हणावं, कुलकर्णी, एवढंच माझं मागणं आहे." 

गेल्या वर्षी सर गेले. तीन दिवसांचा ताप आणि संपलं. शोकसभेत मी बोलायला उभी राहिले आणि या खेपेला सगळं सांगितलं: खराब प्रत होती, मला माहीत होतं, ती मीच पाठवली. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत हसले. अध्यक्ष म्हणाले, "सरांची परंपरा बाईंनी समर्थपणे पुढे नेली." मी खाली बसले. आता काही इलाज उरला नाही असं वाटलं.

तेवढ्यात मागून दत्तोबा उठले. त्यांचं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं. काठी टेकत माईकपर्यंत यायला त्यांना वेळ लागला.

"मला साहित्यातलं कळत न्हाई," ते म्हणाले. "पर बाई सांगतात ते खरं हाय. पुस्तक चुकलं व्हतं. सरांना कळलं तवा ते माझ्या घरी आले आन् माझी आई गेली म्हनून रडले. ती गेली तवा आमी भाऊभाऊ जमिनीच्या कागदात गुतलो व्हतो. रडायचं ऱ्हाऊनच गेलं व्हतं. त्या दिशी सरांच्या संगट मी बी रडलो."

त्यांनी सरांच्या फोटोला हात जोडले आणि ते जागेवर जाऊन बसले. सभागृहात कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं, पण तो उठलाच नाही.