फळ्यावरचा हात

असेकेन्येचं अक्षर इतकं देखणं होतं, की त्यापायी तिचं शिक्षणच बुडायची वेळ आली.

सोरोटी शहराच्या अलीकडच्या त्या शाळेत सर वर्गात येवोत न येवोत, सरांची वही यायची. जीवशास्त्राचे ओजिलोंग सर दोन शाळांत शिकवायचे आणि त्यांचा अर्धा जन्म मोटारसायकलवर जायचा. निघताना ते आपली जाडजूड जुनी वही वर्गात पाठवत. एकानं ती फळ्यावर उतरवायची, बाकीच्यांनी फळ्यावरून आपापल्या वहीत. यालाच तिथे शिकणं म्हणत. हाताला काम आणि डोक्याला सुट्टी, कुणाची तक्रार असेल कशाला? फळ्यावर लिहिण्याचा मान अर्थातच असेकेन्येचा.

मान कसला, शिक्षाच ती. हात फळ्यावर अडकलेला, तर स्वतःच्या वहीत लिहायचं कधी? दुसरी एखादी घरी जाऊन मैत्रिणीची वही उतरवून काढती. पण असेकेन्येची तोतो, म्हणजे तिची आई, नाचणी आंबवून आजोन, म्हणजे गावठी बिअर, करून विकायची. संध्याकाळी ती ओढून प्यायला मडक्याभोवती लांब नळ्या घेऊन गिऱ्हाइकं जमली, की मडक्यात गरम पाणी ओतत राहायला घरात दुसरं होतं कोण?

पण पोरगी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. घरी जाताना वाटेत ती चिंचेखाली बसायची. आज फळ्यावर काय लिहिलं ते आठवायची, आणि कळलं तेवढंच आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत लिहायची. जमेल तिथे चित्र काढायची. आठवलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवशी अमोडिंग या मैत्रिणीच्या वहीत तेवढंच शोधायचं. इतरांची पाच पानं, हिचं अर्धं. पण ते अर्धं पान तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

एकदा अशीच ती चिंचेखाली बसली होती. हृदयाचा धडा झाला होता. डाव्या कप्प्यातून रक्त जोरानं बाहेर पडतं, इथवर ठीक होतं. मग रक्त जातं कुठे? तिनं डोळे मिटले, फळा आठवला, आणि एकटीच खो खो हसत सुटली. तिच्याच वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिलेलं होतं, ‘डाव्या कप्प्यातून रक्त जोरानं बाहेर पडतं व मुळांच्या केसांमधून पानांपर्यंत चढतं.’

सकाळी तिनं सरांची वही पुन्हा उघडली. दोन पानं शेंगदाण्याच्या तेलकट कुटानं एकमेकांना चिकटून एक झाली होती. माणसाचं रक्त थेट झाडात शिरलं ते तिथूनच.

तिनं वर्गाला सांगितलं, “ती ओळ खोडा रे. मध्ये पान राहिलंय.”

“खोडा?” इलुकोर मागच्या बाकावरून ओरडला. “सरांच्या वहीत आहे ना? मग आहे! तू फळ्यावरचा हात आहेस बाई, हातानं बोलायचं नसतं.”

“अरे, तुझ्या छातीत मुळं आहेत का?”

“परीक्षेत मार्क मिळणार असतील तर उगवतील!”

वर्ग फिदीफिदी हसला. अमोडिंगसुद्धा. ओळ कुणी खोडली नाही.

इथवर गंमत होती. सत्र संपत आलं आणि गंमत संपली. ओजिलोंग सरांचा नियम होता: वही पूर्ण असेल तर लाल सही, आणि सही असेल तरच परीक्षा. ती परीक्षा चुकली, की पुढल्या वर्षी जीवशास्त्र सुटलं, आणि जीवशास्त्र सुटलं की सुईणीचं शिक्षणही सुटलं. असेकेन्येला सुईणच व्हायचं होतं. तिचा धाकटा भाऊ सायकलच्या कॅरियरवरून दवाखान्यात जाता जाता रस्त्याकडेलाच जन्माला आला होता. तोतोचा हात धरून ही बसली होती, आणि काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ते न ठाऊक असणं तिला पुन्हा नको होतं.

सरांनी तिची वही उघडली, पानं चाळली, आणि चष्मा कपाळावर चढवला.

“ही वही आहे की बाजाराची चिठ्ठी?”

“वही आहे, सर.”

“सगळ्यांना तूच लिहून देतेस आणि तुझी ही तऱ्हा? शुक्रवारपर्यंत सगळं उतरवून आण. नाहीतर परीक्षेला बसायचं नाही.”

अमोडिंगनं आपली वही देऊ केली. असेकेन्ये उतरवायला बसली आणि त्याच ओळीपाशी आली. झाडात चढणारं रक्त, शेजारी सरांची लाल सही. हे उतरवलं की आपल्यालाही सही. तिनं पेन टेकवलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. तिनं पेनाला टोपण लावलं, शिक्षकांच्या खोलीतून ती जाड वही मागून घेतली, आणि पटांगणात मोटारसायकल सुरू करणाऱ्या सरांना गाठलं.

“सर, ही पानं चिकटलीत.”

सरांनी नखानं हळूहळू पानं सोडवली. मधला मजकूर वाचला, वरचा वाचला, खालचा वाचला. गाडी बंद केली.

“हे मी सगळ्यांच्या वहीत तपासलं,” ते म्हणाले.

“आणि मी फळ्यावर लिहिलं, सर. सगळ्यांनी माझ्याच अक्षरातून घेतलंय. मला ते पुसायचंय.”

सरांनी जाड वही फटकन मिटली. तिला वाटलं, आता संपलं. त्यांनी हात पुढे केला. “आण तुझी चिठ्ठी. आणि वहीकडे न बघता सांग, हृदय कसं चालतं?”

तिनं सांगितलं. झडपांपाशी अडखळली. “इथे माझं प्रश्नचिन्ह आहे.”

मग सरांनी जमिनीवर उकिडवं बसून काटकीनं मातीत झडप काढली. उघडते कशी, मिटते कशी, हाताच्या ओंजळीनं दाखवलं. शिकवायला लागल्यावर माणूस पार बदलून गेला. इतकं सुरेख शिकवणारा माणूस वही पाठवून मोकळा होतो, याचा असेकेन्येला रागच आला. तिनं तिथेच प्रश्नचिन्ह खोडलं. अर्ध्या पानाखाली लाल सही पडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात वही आली नाही, सर आले. असेकेन्ये सवयीनं फळ्याकडे निघाली.

“कुठे चाललीस? बस जागेवर.”

जीवशास्त्राच्या तासाला बाकावर बसायची तिची ती पहिलीच वेळ. सरांनी खडू उचलला, वर्गाकडे तोंड केलं आणि स्पष्ट म्हणाले, “हृदयाच्या धड्यात मी तुम्हाला चुकीचं दिलं, आणि न वाचता सही केली.”

वर्गभर पेनं सरसरायला लागली. पोरं तेही मान खाली घालून उतरवून घेत होती. शेजारी अमोडिंग ‘न वाचता सही’पर्यंत पोचली होती.

असेकेन्येनं तिच्या पेनावर हात ठेवला.

“ठेव गं ते खाली,” ती म्हणाली. “आधी ऐक.”