कुस्कोच्या टेकडीवर मैथिली वर्तक

मैथिली वर्तक जयपूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायच्या. वडील साताऱ्याहून बदली होऊन आले आणि तिथल्याच मुरलीपुऱ्यात घर करून राहिले. वडील गेले, धाकटा भाऊ जयंत पुण्याला स्थायिक झाला. मैथिलीबाईंनी अंथरुणाला खिळलेल्या आईचं अकरा वर्षं केलं. घरात मराठी बोलणाऱ्या त्या दोघीच. फेब्रुवारीत आई गेली.

जूनमध्ये त्या पेरूला निघाल्या. कुस्को शहरात इंका लोकांचा सूर्योत्सव असतो, इंती रायमी. तिकडे तेव्हा ऐन हिवाळा. दूर गेलेल्या सूर्याला परत बोलवायचं. बाईंनी हे वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं होतं.

दिल्लीहून निघालेल्या सहलीत पाच जोडपी होती आणि त्या एकट्या. उत्सवाच्या दिवशी सगळे शहरावरच्या जुन्या दगडी गढीपाशी पोचले. खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेजारची बाई म्हणाली, "बहनजी, आप उधर बैठ जाएँगी? हमें साथ बैठना है।"

त्या उठल्या. 'उधर'च्या खुर्चीसमोर खांब होता. म्हणून तशाच धापा टाकत समोरची टेकडी चढल्या. वर गावची माणसं घोंगड्या पसरून बसली होती. त्या मध्येच उभ्या राहिल्या म्हणून मागून कुणीतरी ओरडलं, तेवढ्यात एका म्हातारीने हात धरून त्यांना खाली बसवलं. गुडघ्यांवर घोंगडीचं टोक टाकलं, हातात उकडलेला मका दिला.

खाली सोनेरी पोशाखातला राजा पालखीतून आला. त्याने दोन्ही हात वर करून सूर्याला हाक मारली. हजारो माणसं गप्प झाली. म्हातारी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती.

"सातुर्निना," तिने छातीवर हात ठेवून नाव सांगितलं.

"मैथिली." आणि मग, का कोण जाणे, त्या मराठीतच बोलू लागल्या. "आई गेली हो माझी. शेवटी मला ओळखत नव्हती. रोज विचारायची, तू कोणाची गं?"

कॉलेजात, शेजारीपाजारी त्यांनी ही बातमी पन्नासदा सांगितली होती, पण हिंदीत. 'मम्मी नहीं रहीं' म्हणताना आवाज कधी कापला नव्हता. आता मका हातातच राहिला.

सातुर्निनाने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या भाषेत ती बराच वेळ बोलली, मध्येच दोन बोटं दाखवली. दोन मुलं? दोन वर्षं? बाईंना कळलं नाही. त्या मान हलवत राहिल्या.

ऊन उतरलं तशी खालून सातुर्निनाच्या नातलगांनी तिला हाक मारली. म्हातारीने घोंगडी झटकून खांद्यावर टाकली, बाईंच्या गालाला हात लावला आणि गेली. बाई गर्दीतून एकट्याच उतरल्या. हॉटेलात कुणीतरी विचारलं, "अरे, आप कहाँ थीं?" आणि उत्तराआधीच सूप मागवलं.

जयपूरला पोचल्यावर जयंतचा फोन आला. "कसा झाला प्रवास, ताई?"

"छान. अरे, तिथे एक म्हातारी भेटली..."

"ताई, दुसरा कॉल येतोय. संध्याकाळी बोलू."

त्याचा फोन आठ दिवसांनी आला. आईचं वर्षश्राद्ध पुण्यात करू या का, असं तो विचारत होता. तोवर सांगायची ओढ ओसरली होती. "करू या," बाई म्हणाल्या, "मी येईन."