माझ्या बहिणीला ज्याने भूत केलं

मी भुताखेतं मानणारी नाही. आजही नाही. हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही, संताप आवरत नाही म्हणून.

नाशिकहून देवळाली कॅम्पकडे जाताना इंग्रजांच्या वेळची एक दफनभूमी आहे. नेमकी कुठे ते सांगत नाही. सांगितलं की येत्या रविवारी अजून बाइक येऊन उभ्या राहतील. पुढच्या भागात गोरे सोल्जर, त्यांच्या बायका, तापाने गेलेली त्यांची लेकरं. दगडी क्रूस, काही आडवे पडलेले. मागे भिंतीलगत, वडाखाली, आमच्यासारख्या इथल्याच ख्रिस्ती घरांतली माणसं. तिथे माझी मोठी बहीण आहे – रूथताई.

ताई नर्स होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डात ड्युटी करता करता गेली. आम्हाला तिचा चेहरासुद्धा बघू दिला नाही. कबरीवर आम्ही तिचा फोटो बसवला – पांढरा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी.

त्या जागेची एक जुनी कहाणी आहे. पांढऱ्या झग्यातली एक मडम संध्याकाळी आपलं मेलेलं मूल शोधत फिरते म्हणे. लहानपणी आम्ही दोघी त्यावर हसायचो. गेल्या वर्षी कुणीतरी तिथली रील काढली आणि मडम म्हणून फोटो दाखवला माझ्या ताईचा! पांढरे कपडे दिसले, बस्स. गंगापूर रोडला मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथे एका गिऱ्हाइकानेच मला ती दाखवली... हसत.

मग लोक यायला लागले. कबरीवर लिंबं, काळ्या बाहुल्या, बिअरच्या बाटल्या. एक दिवस कुणीतरी दगड घालून फोटोतला चेहरा फोडला. त्या दिवशी मी रील काढणाऱ्याला शोधून काढलं. प्रसाद नाव, सायखेड्याचा, तिशीतला बायकापोरांचा माणूस. फोनवर म्हणाला, "ताई, लोकांना आवडतं म्हणून टाकतो, वाईट वाटून घेऊ नका."

"तिथे ये," मी म्हणाले. "तिच्या कबरीसमोर उभा राहा आणि सांग ती भूत आहे म्हणून."

आला. भर दुपारी, ट्रायपॉड घेऊन! मी फुटलेला फोटो दाखवला, ताई कोण होती ते सांगितलं. त्याचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाला, "मी नाय फोडला ओ. पण आता आलोच हे तर एक शेवटचा शॉट घेतो, मग जुनी रील डिलीट करतो. देवाशप्पथ."

मी काही बोलायच्या आत त्याने धुराची कांडी पेटवली. वातावरणनिर्मिती! वडावर आग्या मोहोळ होतं. धूर वर गेला आणि पुढच्याच क्षणी सगळं मोहोळ उठलं.

मी ओढणीत तोंड गुंडाळून भिंतीशी पालथी पडले. प्रसाद ओरडत सैरावैरा पळाला आणि कुठेतरी धपकन पडला. मग आवाज बंद. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा मनात आलं – बरं झालं.

माश्या शांत झाल्यावर मी उठले. प्रसाद ताईच्या कबरीला टेकून बसला होता. तोंड सुजून भोपळा झालेलं, डोळे मिटलेले. आणि पुटपुटत होता... "तेरा चोक बावन्न... तेरा पंचे पासष्ट..."

"प्रसाद! काय करतोयस?"

"पाढा म्हणतोय. सिस्टरनी सांगितलंय, थांबू नको म्हणल्या. आधी एकोणीसचा सांगितला, मला येत नाय म्हणलं, तर तेराचा म्हण म्हणल्या. लय ओरडल्या."

इंजेक्शन देताना, टाके घालताना ताई पेशंटला एकोणीसचा पाढा म्हणायला लावायची. दुखण्यावरचं लक्ष उडतं म्हणे. हे आमच्या घरात आणि तिच्या वॉर्डात माहीत होतं. मी त्याला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

रिक्षाने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चेहरा, मान, हात तपासले आणि मला विचारलं, "माश्यांचे काटे तुम्ही काढले? एकही शिल्लक नाही. चिमटीत धरून दाबलेले नाहीत, कडेने खरवडून काढलेत. छान काम केलंत."

मी एकाही काट्याला हात लावला नव्हता. आवारात तिसरं माणूस नव्हतं.

प्रसाद बरा झाला. रील डिलीट केली. आणि दुसरी टाकली! "भूत नाय, देवी हे." आता कबरीवर लिंबांऐवजी नारळ आणि उदबत्त्या असतात. मी फोन करून त्याला वाटेल ते बोलले. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "ताई, तुम्ही काय पण बोला, मला वाचवलं त्यांनी."

विषाने त्याला भास झाला असेल. असेल. मग काटे कुणी काढले, पाढा कुणी सांगितला, मला खरंच माहीत नाही. पण माझा राग आता त्याच्यावर उरलेला नाही. मी सुट्टीच्या दिवशी जाते, नारळ उचलते, कबर धुते, तासन्‌तास बसते. पानसुद्धा हलत नाही. जाताना जिचा चेहरा मला बघू दिला नाही, ती माझी बहीण आली, आणि आली ती कुणासाठी, तर त्याच्यासाठी! मी तिथेच होते, ताई. भिंतीशी. हाकेच्या अंतरावर.