कापसात दाबलेली सायकल

जीवराम मिस्तरी कोणाचं ऐकून घेईल तर शपथ. चोपड्याकडच्या त्याच्या गावात केळीच्या मळ्यांवरच्या पाण्याच्या मोटारी दर उन्हाळ्यात जळायच्या आणि नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायला गावात हा एकटाच. त्यामुळे सगळ्यांना त्याचं बोलणं खावं लागायचं. जळकी मोटार घेऊन कोणी दारात आला की कामाआधी त्याची बिनपाण्याची हजामत व्हायची. "वायर उघडी ठेवली व्हती ना? डोकं कुठं गहाण टाकलंस?" समोरचा मुकाट ऐकायचा. करतो काय? पिकाला पाणी तर पाहिजे.

फक्त बायकोपुढे, बेबाबाईपुढे, हा गडी मवाळ व्हायचा. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. घरात काठी धरून ती सगळं करायची, मात्र उंबऱ्याबाहेर चार घरं चालणंही व्हायचं नाही. माहेर तिचं धरणगावचं. पडल्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भाऊ गिरधर तिला न्यायला आला. खानदेशात आखाजीला लेक माहेरी नाही गेली तर सणच होत नाही. गिरधरने तिला उचलून जीपमध्ये बसवलं, तिकडे उचलून उतरवलं, उचलून झोक्यावर ठेवलं. गल्लीतल्या बायका हळहळल्या. परत आल्यावर बेबाबाई नवऱ्याला म्हणाली, "पोत्यासारखी उचलून मी आता माहेरी जाणार नाही. जाईन तर माझी मी जाईन." आणि खरंच, पुढच्या आखाज्यांना ती गेली नाही. झोक्याची गाणी घरातच गुणगुणायची, आणि जीवराम हातातलं काम टाकून ऐकत राहायचा.

तेव्हा त्याच्या डोक्यात ती सायकल शिरली. एक जुनी लेडीज सायकल, भंगारातल्या जीपचा डायनॅमो आणि एक बॅटरी. पायडल मारायचं नाही, नुसतं बटण दाबायचं. पण धरणगावपर्यंत ती चालणार थोडीच? तिथपर्यंत गाडीतच न्यायला हवी, आणि आपल्याकडच्या गाड्यांत माणसालाच जागा नसते. म्हणून पठ्ठ्याने सायकल मधोमध कापली आणि फाटकाची दणकट बिजागरी बसवली. आता ती कमरेत दुमडायची. गाव हसलं. जीवराम म्हणाला, "हसा बठ्ठा, सगळे हसा! आखाजीला पाहा!" बेबाबाई अंगणात ती चालवायला शिकली. पहिल्यांदा सायकल तिला घेऊन तुळशीपर्यंत गेली तेव्हा ती हसता हसता रडायला लागली. जीवरामही रडला असता, पण मिस्तरी पडला ना!

आखाजीच्या आदल्या दिवशी शेजारच्या सुकदेवचा कापूस सरकी काढायला धरणगावच्या जिनात निघाला होता. भाव चढेल म्हणून त्याने घरात दाबून ठेवला होता, तो शेवटी उन्हाळ्यात बाहेर काढला. गाडी गावातल्या रमजानची, उघड्या हौद्याची मॅटॅडोर. जीवराम म्हणाला, "आम्ही दोघं येतो, सायकल कापसात घालू. गादीवर झोपल्यागत जाईल, एक ओरखडा नाही पडणार." सगळ्यांना पटलं. आपल्याकडे काचेची बरणी असो की देवाची तसबीर, गाडीतून न्यायची तर कापसात. रमजान एवढंच म्हणाला, "भाऊ, बॅटरी काढून माझ्याजवळ पुढं देता का?" जीवरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तू गाडी चालव! बॅटरीचं मला शिकवू नको." खरं कारण वेगळंच होतं. गाडीतून उतरताच, सगळं माहेर बघत असताना, बेबाबाईने बटण दाबून सुटावं असं त्याला हवं होतं. त्यात वायरी जोडत बसायला नको. म्हणून त्याने जोडलेल्या बॅटरीसकट सायकल दुमडली, आडवी ठेवली आणि वर कापूस ओतायला लावला. कापूस भरताना माणसं वर चढून तुडवतातच. हा खालून ओरडत होता, "तुडवा रे चांगला! हलायला नको ती!"

कापसाच्या ढिगावर, पुढच्या केबिनच्या टपाला टेकून, बेबाबाईला बसवलं. या खेपेला तिने आपणहून उचलू दिलं, उतरल्यावर उचलायला लागणार नव्हतं ना. नवं लुगडं नेसली होती. जीवराम तिच्यासमोर, मागच्या उघडणाऱ्या फळीशी, म्हणजे फाळक्याशी, सुकदेव रमजानशेजारी पुढे.

तापीच्या पुलावर वारा असा सुटला की बोलणं ऐकू येईना. पूल संपता संपता बेबाबाई ओरडली, "अहो, काहीतरी जळी ऱ्हायनं!" जीवराम म्हणाला, "कोणाच्या तरी बांधावर पाला पेटवला असेल." थोडं पुढं गेल्यावर फळ्यांच्या फटीतून धूर निघाला. करडा, जाड धूर. अरे बाप रे! तुडवता तुडवता बिजागरीत वायर चेपली होती आणि तिचं वरचं रबर फाटून उघड्या तारेची ठिणगी कापसात पडली होती. जन्मभर दुसऱ्यांना ज्याच्यावरून फाडून खाल्लं, तेच त्याच्या हातून झालं होतं. रमजानने करकचून ब्रेक दाबला.

जीवरामने मागून उडी टाकली. फाळका पाडला आणि दोन्ही हातांनी कापूस ओढायला लागला. "सायकल! आत सायकल शे!" तो किंचाळत होता. आत लाल निखारा धुमसत होता, वारा लागताच भडकला. त्याने तसाच हात घातला, तापलेलं लोखंड धरलं, चामडी चिकटली तरी सोडलं नाही. पाय फाळक्याला लावून हिसडा मारला. सायकल बाहेर आली. रस्त्यावर आपटून त्याने वायर तोडली आणि मान वर करून ओरडला, "निघाली! निघाली रे!"



रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बेबाबाई बसली होती. लुगड्याचा पदर जळून काळा झाला होता. रमजान टपावर चढला होता, त्याने तिला काखेत धरून धुरातून ओढलं होतं आणि सुकदेवने खाली झेललं होतं. रमजानच्या भुवया होरपळल्या होत्या. बेबाबाई खोकत होती आणि खोकता खोकता नवऱ्याकडे बघत होती. सुकदेवचा निम्मा कापूस मागे जळत पडला होता, पण तो पाहत होता जीवरामकडे. म्हणाला एवढंच, "भाऊ, वहिनी वर व्हती."

जीवरामला आधी कळलंच नाही. मग कळलं.  आपण उडी मारली तेव्हा ती आपल्यासमोर होती, चार हातांवर होती, आणि आपले पाय मागे वळले? असं कसं झालं? बॅटरीसकट सायकल ओढून काढली नसती तर आग आणखी भडकली असती, म्हणजे तिच्यासाठीच काढली, असं त्याने मनाशी घोकून पाहिलं. ते काही खोटं नव्हतं. पण ते त्याला नंतर सुचलं होतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

सायकलीची बॅटरी फुटली होती. उरलेला कापूस विझवून गाडी पुढे निघाली, आणि धरणगावात गल्लीच्या तोंडाशी रमजानने ती थांबवली. गिरधर धावत आला. दोघांनी मिळून बेबाबाईला उचललं आणि माहेरच्या बायकांच्या घोळक्यातून घरात नेलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मागून जीवराम, दोन्ही हात पुढे धरून, तळव्यांवर फोड आलेले. डॉक्टरने पट्ट्या बांधल्या. बायकांनी बोटं तोंडात घातली. "बाई गं, काय नवरा! बायकोसाठी आगीत हात घातले!" गिरधरची बायको म्हणाली, "नशीब काढलंस गं." जीवराम बेबाबाईच्या तोंडाकडे बघत राहिला. रमजान आणि सुकदेव तेव्हाच जिनाकडे निघून गेले होते. आता ती सांगेल, आता सगळं सांगेल! सांगून टाक बाई, सोडव मला! बेबाबाई म्हणाली, "हो ना." आणि पाणी मागितलं. आखाजीभर ती कोणाला काही बोलली नाही. त्याला मात्र रोज, दोन्ही वेळा, आग्रह करकरून गोड सांजोऱ्या खाऊ घातल्या गेल्या. 

परत न्यायला रमजानच आला. त्याने बेबाबाईला पुढे आपल्या शेजारी बसवलं, मागे रिकाम्या फळ्यांवर सायकल टाकली. शेजारी आणखी एका माणसाला ऐसपैस जागा होती. जीवराम दाराशी आला. बेबाबाईने काठी त्या जागेवर आडवी ठेवली.

"तुम्ही मागं बसा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "सायकलीला धक्के बसतील."

रमजानने नजर फिरवली. गिरधरला काय माहीत? तो हसत पुढे झाला आणि जीवरामला कमरेला धरून वर चढवत म्हणाला, "दाजी, भारीच जीव तुमचा या सायकलीवर!" पट्ट्या बांधलेल्या हातांनी कशालाच धरता येत नव्हतं. जीवराम सायकलीशेजारी फळीवर बसला. गाडी सुटली, आणि धरणगाव मागं पडलं तरी त्याची मान वर झाली नाही.