उकंडाचा शनिवार

"चालत वाजोला तो बाजा, बसून वाजोलं तं गानं," असं उकंडा मुनेश्वर नेहमी म्हणायचा.

वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या वरातीपुढं क्लॅरिनेट वाजवत चालला. नवरदेव मंडपात शिरला की बाजेवाल्यांनी बाहेर कडुनिंबाखाली थांबायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर जेवायचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन तो परतला. वस्तीची बैठक झाली, ठरलं, की यापुढं कोणाच्या वरातीत वाजवायचं नाही. त्यानं क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगलं. चार उन्हाळ्यांत त्याला भेग पडली. उकंडा लाकडाच्या डेपोत सागाचे ओंडके वाहत राहिला.

साठ साली नगरपालिकेनं आपला बँड काढला. उन्हाळ्यातल्या दर शनिवारी, ऊन कललं की बागेतल्या ओट्यावर तासभर वाजवायचं. ऐकायला पैसा नाही, कोणीही यावं. कचेरीत कारकून असलेले, बँड उभा करणारे नरहर मास्तर स्वतः वस्तीत आले. उकंडानं एकच विचारलं.

"बसाले काय देता?"

"खुर्ची. सगळ्यांना. आणि नवं क्लॅरिनेट."

शनिवारी डेपोतून सुटला की उकंडा हौदावर खांदे धुवायचा. सालपटांनी सोललेल्या कातडीला सदरा चिकटायचा. ओटा अजून तापलेलाच असायचा. पण खुर्चीत टेकून त्यानं पहिला सूर लावला, की आठवडाभराचा शीण त्या नळीतून हळूहळू बाहेर पडायचा. समोर हिरवळीवर वकिलांच्या घरची माणसं, हमाल, भाजीवाल्या, सगळे बसलेले. त्यांच्यात त्याची बायको तुळसाबाई. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण तिनं नवऱ्याचं वाजवणं समोर बसून कधी ऐकलं नव्हतं.

"कसं वाटलं?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं.

"गाल लई फुगतात तुमचे," ती म्हणाली. पण पुढचा एकही शनिवार तिनं चुकवला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एका शनिवारी, सगळे ओट्यावर जमले तेव्हा खुर्च्या मांडलेल्याच नव्हत्या. बागेच्या फाटकाशी एक वरात थांबली होती. नगरपालिकेतल्या एका बड्या सभासदाच्या मुलीचं लग्न होतं, आणि बँडनं वरात मंडपापर्यंत न्यावी असा निरोप होता.

नरहर मास्तर हसत उकंडाजवळ आले. त्यांच्या हातात नवा लाल फेटा होता.

"उकंडाजी, मी सांगितलं त्यांना, आमचा खरा वाजवणारा हा. तुम्हाला सगळ्यांत पुढं ठेवलंय. घोड्याच्याही पुढं."

मास्तरांना तो मान वाटला होता. मनापासून वाटला होता. उकंडानं ते ओळखलं, म्हणून त्याला रागही धड येईना.

"मास्तर, त्या जागेवर मी वीस वर्सं होतो," तो म्हणाला.

ढोल वाजवणारा प्रेमसिंग मध्येच बोलला, "चाल ना भाऊ, धा मिनिटाचं तं काम आहे. कायले अडून राह्यला? थकला असशील तं घोड्यावर बस, नवरदेवाले चालू दे."

दोघं-तिघं हसले. उकंडाही थोडा हसला.

"थकलो तं आहोच, प्रेमसिंग."

"आज नाही म्हटलंत तर तुमची जागा मला राखता येणार नाही," मास्तर हळूच म्हणाले.

"मालूम आहे."

उकंडा ओट्याच्या कडेला बसला. क्लॅरिनेटचे भाग एकेक करून सोडवले, आतून पुसले, पेटीत ठेवले. घाई केली नाही. पेटी त्यानं मास्तरांच्या हातात दिली. लाल फेटा मास्तरांच्या दुसऱ्या हातात तसाच राहिला.

फाटकात गर्दी होती. ती वाट देईपर्यंत उकंडा उभा राहिला, मग कडेकडेनं बाहेर पडून डेपोच्या रस्त्याला लागला. मागं ढोल सुरू झाला. मास्तर ओट्यावरून पाहत होते. हिरवळीवरची माणसं वरातीकडं धावली. तुळसाबाई एकटी बसून राहिली, आणि तो वळणाआड जाईपर्यंत तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही.