शिडीची सातवी पायरी

इरा, निहार,

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही एकच प्रश्न विचारता, "आजी, तू रोज तिथेच का पडतेस?" बोलताना मी तो टाळते, म्हणून लिहून कळवते आहे.

आधी एक सांगते. मी तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. भुतं, संकेत, गेलेल्या माणसांचे निरोप... वर्गात कुणी असलं काही काढलं, की त्याला फळ्यापाशी उभं करून मी कारण शोधायला लावत असे. आजही लावेन. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुम्ही हेडसेट पाठवलात तेव्हा वाटलं होतं, हा कपाटात पडून राहणार. पण तो चढाईचा गेम मला मनापासून आवडला. नियम दोनच. एका हातानं धरायचं आणि दुसरा वर न्यायचा. एका जागी दहा मोजेपर्यंत धरून राहिलं, तर पंजा लाल होतो आणि सुटतो. बस, एवढंच — पण घाम फुटतो. रोज सकाळी अकराला, नेहरू नगरच्या आपल्या हॉलमध्ये, सतरंजीच्या मधोमध अनवाणी उभी राहून मी तो कडा चढायची. कुठे पडले ते वहीत लिहायची. गेमचा आवाज बंद ठेवायची आणि कानातलं मशीनही काढून ठेवायची, कारण हेडसेटचा पट्टा लागला की ते कुईं करतं. मशीन नसलं की मला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

कडा संपतो तिथे एक लोखंडी शिडी आहे. ती चढली की शिखर. तुमचे बाबा आठ दिवसांसाठी आले होते, त्यातल्याच एका सकाळी मी पहिल्यांदा त्या शिडीपर्यंत पोचले.

पहिल्या पायरीकडे हात नेला आणि ऐकू आलं — टण, टण.

ती तुमच्या आजोबांची ठोक होती. ते स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. तिथल्या शिड्या वाफेनं आणि धुरानं आतून गंजतात, वरून कळत नाही. म्हणून चढताना ते प्रत्येक पायरीवर पान्यानं दोनदा ठोकत, मगच हात घालत. घरी माळ्यावर चढतानासुद्धा तेच. मी हसले की म्हणत, "हास, मास्तरीणबाई. लोखंड खोटं नाही बोलत. आवाज मेला असन, त हात नको लावू."

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

दुसरी पायरी. टण, टण. तिसरी. चौथी. मी मोजत होते, कारण मोजणं सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. सहावीपर्यंत तोच स्वच्छ आवाज. मग सातवीकडे हात नेला, आणि... थद. एकदाच. ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

माझा डावा हात सहावीवर होता. पंजा गुलाबी झाला, मग लाल. शिखर हातभर वर होतं. तीन आठवडे मी त्यासाठी घाम गाळला होता. पण सातवीला मी हात लावला नाही. पडले.

हेडसेट काढला. हॉल रिकामा. टेबलावर तुमच्या बाबांनी, प्रशांतनं, सकाळी काढून ठेवलेला पाना नव्हता. नाश्त्याला तो म्हणाला होता, "टाकीचा व्हॉल्व गळून राहिला, आई. बघतो." टाकीवर जायची शिडी गच्चीत, अगदी कठड्याला लागून आहे. तिच्यावरून हात सुटला तर माणूस गच्चीत पडत नाही, दोन मजले खाली गल्लीच्या काँक्रीटवर पडतो.

गुडघे दुखायला लागल्यापासून मी जिना चढले नव्हते. त्या दिवशी चढले.

प्रशांत शिडीवर होता. त्याचा एक हात सुटून वर निघाला होता. मी खालून पायऱ्या मोजल्या. हात सातवीकडे चालला होता.

"प्रशांत, त्या पायरीला हात लावू नको."

त्यानं मान वळवली आणि हसून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. नंतर त्यानंच सांगितलं, "आई, पहले गेम में से बाहर आ. कावून ओरडून राहिली?"

"पान्यानं ठोक," मी म्हणाले. "बाबांसारखं."

या ठोकण्यावरून बापलेकांचं कधी पटलं नाही. 'बाबा, हे घर आहे, फर्नेस नाही,' हे प्रशांतचं ठरलेलं वाक्य. तरी माझं मन राखायला त्यानं मागच्या खिशातून पाना काढला आणि सातवीवर मारला. मला आवाज आला नाही, पण त्याचं हसू गेलेलं दिसलं. त्यानं सहावीवर मारला, पुन्हा सातवीवर मारला. मग एकेक पायरी चाचपत खाली उतरला आणि गच्चीत भिंतीला टेकून बसला.

नंतर त्यानं बांबूनं ती पायरी रेटली. ती एका बाजूनं निखळून लोंबकळली. वेल्डच्या जागी रंगाखाली नुसता गंज होता. ही चूक माझी. आजोबा रंग देण्याआधी शिडी खरवडून घेत. ते गेल्यावर मी दर दिवाळीला पेंटरकडून वरच्यावर चांदीरंग मारून घेतला. शिडी चकचकीत दिसायची, आणि मला टापटीप लागते.

"तू चढताना ठोकत होतास ना?" दुपारी मी विचारलं.

"नाही आई. तू म्हणेपर्यंत पाना खिशातच होता."

त्याच्या चढण्याची कंपनं भिंतीतून उतरून माझ्या अनवाणी पायांना जाणवली असतील, असं मी वहीत लिहिलं. मग खोडलं. सातवीला तोवर कुणी हातच लावला नव्हता.

पावर हाउसच्या बाजारातून वेल्डर आणून नवी शिडी बसवली आणि तुमचे बाबा परत गेले. मी अजूनही अकराला उभी राहते, मशीन काढून. आता शिडीपर्यंत रोज पोचते. सहा पायऱ्या चढते. एकही वाजत नाही. वहीत 'कारण' लिहून पुढे सोडलेली जागा अजून कोरी आहे.

सातवी पायरी मला सहज धरता येईल, इरा. पण सहावीवर मी थांबते, कान देऊन. पंजा लाल होईपर्यंत. मग पडते.

— आजी